बस म्हटलं की

त्याला दोन दांड्या ठाऊक होत्या. एक क्रेनची, एक खेळाच्या डब्याची. तिसरी दांडी, जी आपण सगळे मारतो, ती त्यानं एकतीस वर्षांत एकदाही मारली नाही.

मी त्याच्या खाली काम केलं. हुद्द्यानं नव्हे, अंतरानं. तो नऊ मीटर वर क्रेनच्या केबिनमध्ये. मी जमिनीवर, वजनाला साखळ्या बांधायला आणि त्याला इशारे द्यायला. क्रेनच्या हुकाला आम्ही आकडा म्हणायचो. पुढं पुढं वरच्या माणसालाच आकडा म्हणू लागलो. त्याचं कागदावरचं नाव फक्त पगाराच्या दिवशी कळायचं, आणि तेव्हाही दोघं-तिघं विचारायचे, हा कोण?

चांगला क्रेनवाला म्हणजे उचलतो तो नव्हे. उचलायला मोटर असते. चांगला क्रेनवाला म्हणजे ठेवतो तो. आकडा चार टनांचं ओतीव लोखंड असं ठेवायचा की खालच्या ठोकळ्यावरची धूळ उडायची नाही. लोक म्हणायचे, देणगी आहे. देणगी कसली? पहिली दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत तो हुकाला पाण्यानं भरलेली बादली लटकवून शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. पाणी सांडलं तर त्या दिवशी जेवायचं नाही, हा त्याचा स्वतःचा नियम. पहिल्या सहा महिन्यांत त्याच्या पँटीला दोन भोकं नवीन पाडलेला पट्टा लागायला लागला.

त्याच्या उस्तादानं त्याला एकच गोष्ट मारून शिकवली होती. उचल, सोड, डावीकडे, हळू, हे इशारे फक्त खालच्या बांधणाऱ्यानं द्यायचे. पण ‘बस’ कुणीही म्हणावं. साहेबानं, झाडूवाल्यानं, रस्ता चुकून आत आलेल्या पाहुण्यानं. ‘बस’ ऐकलं की का, कशाला, काही विचारायचं नाही. दोन्ही हात दांड्यांवरून सोडायचे. दांड्या स्प्रिंगनं मध्ये येतात आणि वजन जागच्या जागी थांबतं. उस्ताद मागं पट्टी घेऊन उभा राहायचा आणि मधेच कानात ‘बस’ म्हणायचा. हात सुटायला उशीर झाला की पट्टी बोटांवर. वर्षभरात उशीर व्हायचा बंद झाला.

तो इतका बंद झाला की बाहेर पंचाईत. एकदा थांब्यावर उभा होता, हातात लोणच्याची काचेची बरणी. कुणीतरी ओरडलं, “बस आली!” बरणी गेली. त्याच्या बायकोनं लग्नानंतर महिन्याभरात तो शब्द घरातून हद्दपार केला. वाढताना ती ‘पुरे?’ विचारायची. मुलांना ‘गप बस’ म्हणायची सोय नव्हती, म्हणून ‘गप राहा’. पाहुण्यांना ‘बसा’ चालायचं, त्यावर त्याचा हात सुटायचा नाही. नुसतं, तुटक ‘बस’ नको.

आता डबा. तरुणपणी शेजारच्या एका खलाशानं बाहेरून व्हिडिओ गेमचा डबा आणला होता. पुढून लाकडाची पट्टी, वर सहा खटके, आणि एक काळी दांडी, तिला एकच लाल बटण. आकड्यानं मनगटावरचं घड्याळ देऊन तो घेतला. पाळी भोंग्यावर चालते, घड्याळ कशाला, असं त्याचं म्हणणं. आठ तास दांडी हलवून आलेला माणूस घरी येऊन परत दांडी हलवायचा. मी एकदा म्हटलं, “अरे, कंटाळा येत नाही?”

“तिथं पाडायचं नसतं,” तो म्हणाला. “इथं पाडायचं असतं.”

पडद्यावर वरून दगड यायचे, खालून हा ते फोडायचा. एवढंच. पण बघत राहावं असं.

हे सुखानं चाललं असतं. पण त्याच्या मेव्हणीचं लग्न झालं आणि त्याला साडू मिळाला.

साडू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. दिवसभर कानाला यंत्र आणि समोर आकड्यांची बटणं. त्याला आम्ही हॅलो म्हणायचो. हॅलोकडेही डबा होता, पण दुसऱ्या घराण्याचा. त्याला दांडी नव्हती. टेलिफोनसारखी बारा बटणं आणि खाली अंगठ्यानं फिरवायची एक चकती. प्रत्येक खेळाचा वेगळा प्लास्टिकचा पातळ कागद, तो बटणांवर सरकवायचा. हॅलो ते कागद जाड पुस्तकात दाबून ठेवायचा, सुरकुती पडू नये म्हणून. पुस्तक वाचलं कधी नाही.

दोन साडू म्हणजे आधीच एका म्यानात दोन तलवारी. त्यात दोन डबे.

“साडूभाऊ, एका बटणानं काय करता हो? दारावरची बेल वाजवता?” हॅलो विचारायचा.

“तुझी बारा बटणं आहेत ना? मग कुणाचा तरी नंबर लागतो का बघ.”

“माझ्याला थांबवता येतं. दोन बटणं एकदम दाबली की खेळ जागेवर. चहा पिऊन या, परत सुरू. तुमच्याला येतं?”

“थांबवता येतं ते काम नव्हे. करमणूक झाली.”

“अहो, खेळच आहे तो!”

“तुझा असेल.”

हे तीस वर्षं चाललं. दोघांचे केस गेले, पोरं परगावी गेली, दोघं निवृत्त झाले. घराघरात पातळ टीव्ही आले. त्यांच्यावर हे डबे लागले तरी खेळ जमायचा नाही. दांडी हलवली की चित्र जरा मागाहून हलायचं. आकडा म्हणाला, “हुक हलवल्यावर वजन आधी विचार करतं का?” हॅलोलाही तेच खुपत होतं. आयुष्यात या एकाच मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं. जुना, पोटाचा, काचेच्या नळीचा टीव्ही आता फक्त सासूबाईंकडे उरला होता.

म्हणून दर रविवारी दोघं जावई सासुरवाडीला. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, “माझे जावई किती माया करतात बघा. दर आठवड्याला येतात आणि माझ्याकडे पाठ करून बसतात.”

एकानं तार काढायची, दुसऱ्यानं लावायची. परत पहिल्यानं काढायची. चार वर्षांत टीव्हीच्या मागचं तार लावायचं भोक ढिलं झालं आणि एका रविवारी हॅलोच्या हातात आलं. हॅलो म्हणाला, आकड्याच्या ओढाताणीनं सुटलं. आकडा म्हणाला, ज्याच्या हातात मुडदा त्याचा खून.

टीव्ही दुरुस्तीवाला आला. मागचं झाकण काढून त्यानं जिभेनं ‘च्‌ च्‌’ केलं. “हा भाग आता मिळत नाही. तार आत थेट डाग देऊन जोडतो. पण एकदाच. तांब्याची पट्टी निघत आलीय. दुसऱ्यांदा गरम केली तर पट्टी येईल हातात, आणि टीव्ही जाईल भंगारात. कुठला डबा जोडायचा ते ठरवा आणि मला बोलवा.”

म्हणजे एकच डबा. कायमचा. दुसरा माळ्यावर.

दोघी बहिणींनी पहिल्यांदा आपापल्या नवऱ्याची बाजू घेतली, मग दोन्ही डबे माळ्यावर टाकायचा प्रस्ताव आणला. सासूबाईंनी दोन्ही मोडून काढलं. “भांडून ठरवू नका, खेळून ठरवा. एवढी वर्षं घातलीत, त्याचं काहीतरी दाखवा मला.”

पण दोन डब्यांचे खेळ वेगळे, गुण वेगळे. शेवटी हॅलोनंच मार्ग काढला. आकड्याच्या डब्यावर गुण मोजायला सहाच घरं होती. हॅलो म्हणाला, “नाव आकडा, आणि डब्याला दहा लाखांचा आकडा येत नाही. साडूभाऊ, एका बैठकीत ही सहा घरं संपवून दाखवा. नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवच्या पुढं जा. गेलात तर तुमचा डबा जोडा, मी माझा स्वतःच्या हातानं माळ्यावर ठेवीन. नाही गेलात तर माझा.”

आकड्यानं विचारलं, “किती वाजता?”

हॅलोला वाटलं, दुपारी चारला वगैरे. आकडा म्हणाला, “पहिल्या पाळीला. सहा.”

तासाला साधारण लाख गुण, हे त्यानं आधीच मोजलं होतं. म्हणजे दहा तास. बासष्ट वर्षांचा माणूस. थांबवता न येणारा डबा.

तो महिनाभर तयारीला लागला. रोज सकाळी डाव्या हातात रबरी चेंडू, तीनशे वेळा दाबायचा. चहा दिवसाला एकावर आणला, मूत्राशय ताब्यात राहावं म्हणून. स्टुलाचे पाय त्यानं दोन बोटं कापले, कारण क्रेनच्या केबिनमध्ये गुडघे ज्या कोनात असायचे तो कोन त्याला हवा होता. मी म्हटलं, “अती होतंय.” तो म्हणाला, “अती झालं की पुरेसं होतं.”

ठरलेल्या रविवारी सहाला पाच कमी असताना आम्ही सासूबाईंच्या बाहेरच्या खोलीत. आकडा स्टुलावर. त्याच्या मागं भिंतीशी मी, त्यानंच बोलावलं होतं म्हणून. उजवीकडे हॅलो, मांडीवर वही. प्रत्येक दहा हजाराला तो वेळ लिहिणार होता. तंटा कितीही असो, हॅलो नोंद खोटी करणारा नव्हता. तेहतीस वर्षांत त्यानं एक कॉल चुकीचा जोडला नाही, हे आकडाही मानायचा, त्याच्या पाठीमागं.

सहाला खटका वर.

पहिले सहा तास सांगण्यासारखं काही नाही. चांगलं काम चालू असतं तेव्हा सांगण्यासारखं काही नसतं. उजवा हात दांडीवर, डावा बटणावर, मान हलत नव्हती. दर दहा हजार गुणांना डबा एक जीव जास्त द्यायचा. ते जीव तो साठवत गेला, कारण त्यांचा उपयोग ठरलेला होता. साडेदहाला त्यानं डबा तसाच चालू सोडला आणि मोरीत पळाला. परत आला तेव्हा चार जीव गेले होते.

“एका लघवीला चार,” हॅलोनं वहीत लिहिलं. “साडूभाऊ, महाग पडली.”

“तुझ्यासारखी फुकट होत नाही.”

त्याच वेळी हॅलोच्या बायकोनं आईला शेजारणीकडे फोन केला. सासूबाई सकाळीच तिकडे गेल्या होत्या. “आई, आत्ता भावजींचे चार जीव गेले, सात उरलेत.” शेजारणीनं ते अर्धवट ऐकलं आणि पाणी घेऊन धावत आली. तिला समजावायला अर्धा तास गेला. पटलं नाही. सात जीव उरलेला माणूस बघायला म्हणून ती दारातच थांबली.

दुपारी आकड्याची बायको बाजूला बसून त्याला उकडलेलं अंडं आणि केळं चमच्यानं भरवत होती. सासूबाई परत येऊन खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, “लग्नात भरवायची तेव्हा लाजत होती.”

“आई, आत्ता नको.”

“मी कुठं काय म्हणतेय? चाव म्हणावं नीट. अंडं आहे.”

अडीच वाजता कटकन आवाज झाला. मला कळलं आणि त्याला कळलं. दांडीच्या बुडाशी प्लास्टिकची चकती असते, ती तडकली. आता डावीकडे दाबलं की एकदा लागायचं, एकदा नाही. पंधरा मिनिटांत तीन जीव गेले. हॅलोची पेन्सिल थांबली. त्याला जिंकायचं होतं, पण असं तुटक्या दांडीवर जिंकणं त्याला गोड लागेना.

“साडूभाऊ, बदलून घ्यायची का? मी वेळ धरत नाही.”

“डब्याला थांबता येत नाही,” आकडा म्हणाला. नजर पडद्यावर.

त्यानं काय केलं ते मी जवळून बघितलं. डावीकडे जायचं असेल तिथं तो आधी किंचित वर न्यायचा आणि मग डावीकडे तिरकं ओढायचा. तडा जिथं नव्हता तिथून. क्रेनची एक दांडी झिजली होती तेव्हा दोन वर्षं त्यानं तिला असंच चालवलं होतं. अंगठ्याच्या बुडाशी फोड आला आणि फुटला. बायकोनं फडकं पुढं केलं, त्यानं मान हलवली.

साडेतीन. नऊ लाख चाळीस हजार. जीव गळतच होते. नऊ लाख नव्वद हजाराला एक मिळाला आणि त्याच मिनिटात दुसरा गेला. आता हातात होता तो शेवटचा. पुढचा जीव दहा लाखाला.

हॅलो उठून उभा राहिला. त्याला बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना. तो दारापर्यंत जायचा, परत यायचा. खिडकीतून येणारं ऊन त्याच्या टकलावरून पडद्यावर उड्या मारत होतं. नऊ लाख शहाण्णव. सत्त्याण्णव. नऊ लाख अठ्ठ्याण्णव हजार. हॅलो अगदी आकड्याच्या बाजूला येऊन वाकला. त्याची सावली काचेवर पडली.

हॅलोशी माझी तीस वर्षांची अरेतुरे. मी त्याचा सदरा मागून ओढला आणि हळूच म्हटलं,

“बस.”

दोन्ही हात सुटले.

पट्टीची गरजच नव्हती. पंजे उघडे, दांडीपासून वीतभर दूर, जसे शेडमध्ये सुटायचे तसेच. दांडी मध्ये आली. पडद्यावर त्याचं यान जागच्या जागी उभं राहिलं, आणि वरून एक साधा, हळू येणारा दगड आला. पोरानंही चुकवला असता असा.

९,९८,६४०.

मग तो खेळ संपल्यावर वाजतो तो घसरता आवाज. मग काही नाही.

“लाईट गेली का?” सासूबाईंनी विचारलं.

आकड्याची बायको माझ्याकडे बघत होती. तिनं तो शब्द महिन्याभरात घरातून काढला होता. मी तो एकतीस वर्षं त्याला दिवसातून पन्नास वेळा ऐकवला आणि चार वर्षांत विसरलो.

“मी काही केलेलं नाही!” हॅलो ओरडला. “हा म्हणाला! मी उभा होतो फक्त!”

“आपण हे धरायचं नाही,” त्याची बायको म्हणाली. “ताई, धरायचं नाही. परत खेळू दे भावजींना.”

“नाहीच धरायचं,” हॅलो म्हणाला. वही त्यानं फाडायला घेतली. “दांडी तुटकी, वर हा बांधणारा मधे बोलतो. हा कसला सामना?”

आकडा अजून पडद्याकडेच बघत होता. मग त्यानं हात खाली घेतले, पाहिले आणि पँटीला पुसले. रक्ताचा डाग पडला.

“वही ठेव,” तो म्हणाला. “तेराशे साठ कमी पडले. तुझा डबा जोडायचा.”

“अहो साडूभाऊ—”

“कमी पडले. लिही.”

हॅलोनं लिहिलं. त्याचं अक्षर त्या ओळीला वाकडं आहे. वही अजून आहे, बघता येईल.

आम्ही दोघं जिना उतरत होतो. पाच वाजले होते. मला माफी मागायची होती. अर्ध्या जिन्यावर मी म्हटलं, “अरे, माझ्यामुळं—”

“बोटं मोज.”

“काय?”

“तुझी. मोज.”

मी मोजली. दहा. आमच्या कामात बांधणाऱ्याकडे ती दहाच्या दहा असतीलच असं नसतं. माझ्या आधीच्याला सात होती. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझा उजवा हात साखळी आणि ओतीव यांच्यामध्ये होता, तेव्हा मी ‘बस’ म्हणालो होतो. ओरडलोही नव्हतो. आवाजच निघाला नव्हता नीट.

“आज हात सुटला नसता,” तो म्हणाला, “तर मला वाईट वाटलं असतं.”

पुढं दोन पायऱ्या उतरून तो म्हणाला, “पण तू गाढव आहेस.”

सोमवारी दुरुस्तीवाला आला. हॅलोचा डबा जोडताना तार हलू नये म्हणून आकड्यानं ती धरून ठेवली, फडकं बांधलेल्या हातानं, दोन मिनिटं, एकदाही न हलवता. दुरुस्तीवाला म्हणाला, असा हात शिकाऊ पोरांना मिळाला तर बरं. आकड्यानं आपला लाकडी डबा कामाच्या जुन्या निळ्या सदऱ्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला. हॅलो खाली स्टूल धरून उभा होता. जिंकलेल्या माणसाचं तोंड इतकं पडलेलं मी पाहिलेलं नाही.

रविवार मात्र चुकले नाहीत. आता हॅलो खेळतो आणि आकडा मागं बसतो. सासूबाईंच्या घरात पाहुण्याला आता कुणी बस-बसा काही म्हणत नाही. दारातल्या माणसाला त्या सांगतात, “या, टेका.” नवीन माणूस बिचकतो.

मागच्या महिन्यात हॅलो मोठ्या गुणांवर पोचला होता. चकतीवर अंगठा, कपाळावर घाम. आकड्यानं खिशातून सायकलची घंटी काढली आणि त्याच्या कानामागं वाजवली. ट्रिंग.

तेहतीस वर्षं एक्स्चेंज. हॅलोचा डावा हात आपोआप कानाला गेला, तोंडातून निघालं, “नंबर, प्लीज?”

पण जाताजाता उजव्या हाताच्या बोटांनी दोन बटणं एकदम दाबली होती. पडदा जागच्या जागी थांबला. हॅलोनं मागं वळून, दात काढून बघितलं.

“साडूभाऊ, माझ्याला थांबवता येतं.”

आकड्यानं घंटी खिशात टाकली.

“तेच तर म्हणतोय तीस वर्षं,” तो म्हणाला. “ते काम नव्हे.”